वाचकांचे प्रश्न : बल कोणावर, वेग कशाचा, ऊर्जा कोणाला?

या अंकासाठी निवडलेल्या चारही प्रश्नांत विचारणाऱ्यांना नियम बरोबर ठाऊक आहे. अडचण येते ती नियम लावताना. कोणत्या वस्तूवरचे बल मोजायचे आहे, वेग कशाचा विचारला आहे आणि ऊर्जा नेमकी कोणाला मिळते, हे ठरवण्याआधीच सूत्र हाती घेतले की बरोबर नियमातूनही चुकीचे उत्तर निघते.

प्रश्न : घोडा गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो, तेवढ्याच बलाने गाडी घोड्याला मागे ओढते, असे न्यूटनचा तिसरा नियम सांगतो. दोन्ही बले समान आणि विरुद्ध असतील, तर ती एकमेकांना नाहीशी करणार नाहीत का? मग गाडी हलते कशी?

उत्तर : दोन बले एकमेकांना नाहीशी करतात, ती एकाच वस्तूवर लागू असतील तेव्हाच. तिसऱ्या नियमातील क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल मात्र नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. इथे एक गाडीवर आहे, तर दुसरे घोड्यावर. त्यामुळे त्यांची बेरीज करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. गाडी हलेल की नाही हे ठरवताना फक्त गाडीवरची बले पाहावीत. समजा, गाडीचे वस्तुमान २०० किलोग्रॅम आहे, घोडा तिला १६० न्यूटन बलाने ओढतो आणि घर्षण १०० न्यूटन आहे. उरलेल्या ६० न्यूटन बलामुळे गाडीला ०.३ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण मिळते. आता स्वतंत्रपणे घोड्याकडे पाहावे. त्याचे वस्तुमान ४०० किलोग्रॅम असेल, तर त्याच त्वरणासाठी त्याला १२० न्यूटन बल हवे आणि गाडीची १६० न्यूटनची मागची ओढही भरून निघायला हवी. हे एकूण २८० न्यूटन बल त्याला जमीन देते, कारण तो खुरांनी जमिनीला तेवढ्याच बलाने मागे रेटतो. गुळगुळीत बर्फावर हाच घोडा हतबल होतो, तो यामुळेच.

याच संदर्भात पाठ्यपुस्तकांच्या उत्तरांमध्ये वारंवार दिसणारी एक चूक सांगणे आवश्यक वाटते. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचे वजन आणि टेबलाने त्याला दिलेला वरचा आधार यांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हटले जाते. ही दोन्ही बले एकाच पुस्तकावर आहेत, त्यामुळे ती अशी जोडी असूच शकत नाहीत. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, याची खरी जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढते ते बल होय.

प्रश्न : अवकाशस्थानकात अंतराळवीर तरंगतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसते, हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथले गुरुत्वत्वरण पृष्ठभागावरच्या तुलनेत जवळजवळ ८९ टक्के असते. ते शून्य असते, तर स्थानक सरळ रेषेत दूर निघून गेले असते. स्थानक आणि त्यातील माणसे एकाच त्वरणाने पृथ्वीकडे पडत असतात; मात्र सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर या आडव्या वेगामुळे ती जेवढी खाली येतात, तेवढाच पृथ्वीचा गोल पृष्ठभागही खाली वळलेला असतो. वजनाची जाणीव आपल्याला पायाखालच्या जमिनीने वर दिलेल्या रेट्यामुळे होते. सोबतच पडणारी फरशी तो रेटा देत नाही, म्हणून अंतराळवीर तरंगतात.

प्रश्न : तारेतील इलेक्ट्रॉन अतिशय संथ गतीने सरकतात, असे वाचले. मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? आणि दिव्यात विद्युतधारा खर्च होते का?

उत्तर : आधी हा संथपणा आकड्यांत पाहू. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा वाहत आहे असे समजू. एक अँपिअर म्हणजे तारेच्या छेदातून दर सेकंदाला सुमारे ६२४ वर १६ शून्ये इतके इलेक्ट्रॉन पलीकडे जाणे. अशा तारेच्या एक मिलिमीटर लांबीत सुमारे ८५ वर १८ शून्ये इतके मुक्त इलेक्ट्रॉन असतात. भागाकार केल्यास त्यांचा पुढे सरकण्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर, म्हणजे तासाला सुमारे २६ सेंटिमीटर येतो. दहा मीटर तार पार करायला एखाद्या इलेक्ट्रॉनला दीड दिवसाहून अधिक काळ लागेल. तेच इलेक्ट्रॉन तांब्याच्या आत सेकंदाला हजाराहून अधिक किलोमीटर वेगाने वाट्टेल त्या दिशांना धावत असतात, पण त्या धावण्याची बेरीज शून्य असते. विद्युतधारा म्हणजे त्यावर चढलेला हा अत्यल्प एकदिश सरकाव होय. घरगुती वापराच्या प्रत्यावर्ती धारेत तर तोही टिकत नाही. इलेक्ट्रॉन एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात मागेपुढे होत राहतात.

दिवा मात्र इलेक्ट्रॉन बटणापासून प्रवास करून येण्याची वाट पाहत नाही. दिव्याच्या तंतूत आणि सगळ्या तारेत इलेक्ट्रॉन आधीपासूनच असतात. बटण दाबताच बदलते ते विद्युतक्षेत्र, आणि हा बदल तारेच्या कडेने प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने पसरतो. त्यामुळे तारेच्या प्रत्येक भागातील इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच वेळी सरकू लागतात. पाण्याने काठोकाठ भरलेल्या नळीच्या एका टोकाला रेटा दिला की दुसऱ्या टोकातून पाणी लगेच बाहेर पडते, ही उपमा इथपर्यंत उपयोगी पडते. पण ती पुढे ताणू नये, कारण ऊर्जा नळीतल्या पाण्यासारखी तारेच्या आतून वाहत नाही. जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी १८८४ मध्ये दाखवून दिले की ऊर्जा तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमधून वाहते. तारा त्या प्रवाहाला दिशा देतात. या विषयातील ही मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे आणि ती शालेय अभ्यासक्रमात सहसा येत नाही, याची खंत वाटते.

दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे. दिव्यात जेवढी धारा शिरते, तेवढीच बाहेर पडते. दोन्ही बाजूंना अँपिअरमापी जोडल्यास वाचन सारखेच येते. दिव्यात ऊर्जेचे उष्णतेत आणि प्रकाशात रूपांतर होते, म्हणून दिव्याच्या दोन टोकांमध्ये विभवांतर (व्होल्टेज) असते. प्रभार मात्र कुठेही नाहीसा होत नाही.

प्रश्न : प्रखर लाल प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत, पण मंद निळ्या प्रकाशाने पडतात. प्रखर प्रकाशात ऊर्जा जास्त असूनही असे का?

उत्तर : एकूण ऊर्जा जास्त असते हे खरे, पण एका इलेक्ट्रॉनला एका वेळी किती मिळते, हे इथे निर्णायक ठरते. सोडिअमचे उदाहरण घेऊ. त्याच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन सुटायला किमान सुमारे २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर वापरले जाणारे ऊर्जेचे एकक) ऊर्जा लागते. ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशाचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेचा एक कण, सुमारे १.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा देतो, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचा एक फोटॉन सुमारे २.८. लाल प्रकाश प्रखर केला की फोटॉनांची संख्या वाढते, प्रत्येकाची ऊर्जा तीच राहते. दोन लाल फोटॉनांची ऊर्जा साठवून इलेक्ट्रॉन का सुटत नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पहिल्या फोटॉनकडून मिळालेली ऊर्जा इलेक्ट्रॉन धातूत अत्यंत थोड्या वेळात गमावतो आणि त्याआधी त्याच इलेक्ट्रॉनला दुसरा फोटॉन मिळण्याची शक्यता साध्या प्रकाशात नगण्य असते. अतितीव्र लेसरच्या झोतात मात्र एकाहून अधिक फोटॉन एकत्र शोषले गेल्याचे आढळते.

हा परिणाम भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांच्या लक्षात १८८७ मध्ये आला. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा प्रकाशाच्या तीव्रतेवर अवलंबून नसते, हे लेनार्ड यांनी १९०२ मध्ये दाखवले, आणि १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी वरील स्पष्टीकरण मांडले. रॉबर्ट मिलिकन यांना ते पटले नव्हते. त्यांनी अनेक वर्षे काटेकोर मोजमापे केली आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत वारंवारता आणि इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा यांचा आलेख आइनस्टाइन यांच्या समीकरणाप्रमाणे सरळ रेषाच आला. त्या रेषेच्या उतारावरून मिलिकन यांनी प्लँकच्या स्थिरांकाचे (फोटॉनची ऊर्जा आणि प्रकाशाची वारंवारता यांच्या गुणोत्तराचे) जे मूल्य काढले, ते आजच्या मूल्याच्या एका टक्क्याच्या आत आहे.