मुंबईतल्या चर्नी रोडला हे नाव कसे पडले?

चर्नी म्हणजे आपली ‘चरणी’, गुरे चरायची जागा. मी गिरगावात वाढलो, तरी लहानपणी मला चर्नी हा ग्रँट रोडच्या ग्रँटसारखा कोणी साहेबच वाटायचा. ग्रँट खरेच साहेब होता, मुंबईचा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट. चर्नीचे तसे नाही हे आजीने सांगितले: “अरे, गुरं चरायची तिथे!”

पूर्वी शहरातली गुरे किल्ल्याबाहेरच्या मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला, चरायला नेत. पुढे इंग्रज सरकारने त्यावर चराई बसवली. ज्याच्या दारात एखादीच म्हैस, त्याने ती कुठून भरायची? मग १८३८ साली पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकुरद्वारजवळ समुद्रालगतची गवताळ जमीन २०,००० रुपयांना विकत घेतली आणि गुरांना फुकट मोकळी करून दिली. तीच ही चरणी. भुलेश्वरचा पांजरापोळही याच जमशेटजींच्या पुढाकाराने १८३४ साली उभा राहिला, त्यामुळे गुरांसाठी पदरचे पैसे घालणे त्यांना नवे नव्हते. आजही भुलेश्वरच्या त्या गर्दीत लोक गाईपुढे चाऱ्याची पेंढी टाकतात, तेव्हा मला हटकून चरणी आठवते.

दुसरेही एक मत आहे. ठाण्याच्या चेंदणीतले लोक गिरगावात येऊन राहिले, म्हणून चेंदणीचे चर्नी झाले असे म्हणतात. मला ते पटत नाही. चेंदणीत ‘र’ नाहीच, तो आला कुठून? ‘चरणी’ मात्र इंग्रजी लिपीत गेली की ‘ण’चा ‘न’ होणारच. तिथून ती परत मराठीत आली ती ‘चर्नी’ होऊन, आणि स्टेशनच्या पाटीवर तशीच राहिली. आपलाच शब्द आपल्याला परका वाटू लागला, याचे मला फार वाईट वाटते.

२०२४ साली या स्टेशनला ‘गिरगाव’ नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने मंजूर केला. गिरगावकर म्हणून मला ते नाव आवडेलच. पण नवी पाटी लागेल तेव्हा तिच्याखाली चरणीची ही हकिकत दोन ओळींत लिहावी, आणि तिथे तरी ‘न’ऐवजी ‘ण’ लिहावा.