सुट्टीत पुढच्या इयत्तेचा अभ्यास करावा का?

कर, पण आधी मागच्या इयत्तेचं पुस्तक उघड. नव्या वर्षी गणित अडतं ते बहुतेक वेळा जुन्या कच्च्या पायामुळे.

पहिले दोन आठवडे पुस्तकांना हातही लावू नकोस. मग वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर घड्याळ लावून पुन्हा सोडव. जिथे चुकशील, तोच तुझा सुट्टीचा अभ्यास. उदाहरणार्थ, ३ − (२ − ५) चं उत्तर ६ ऐवजी −४ आलं, तर कंस काढताना ५ चं चिन्ह बदलायचं राहिलंय. ही सवय घेऊन बीजगणितात गेलास की समीकरणं चुकत राहतात आणि दोष मात्र नव्या धड्याला जातो. अशी १० उदाहरणं रोज, आठवडाभर.

वेळ ४० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. पुरे!

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- अख्खं नवं पुस्तक संपवायचा हट्ट. पहिले दोन धडे बस झाले, तेही शेवटच्या पंधरवड्यात.
- नुसते व्हिडिओ बघणं. बघताना सगळं समजतं, वही कोरीच राहते.
- इतिहासाचं पाठांतर. शाळा उघडेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

भाषेसाठी गोष्टींची पुस्तकं वाच, कुठलीही.