हवामानाचं चिन्ह वर्णनावरून नको, कोडवरून लावा

तुमच्या सोलापूरच्या दुकानातल्या हवामानाच्या स्क्रीनवर दोन गोंधळ आहेत: 'पावसाची शक्यता नाही' या ओळीला छत्री लागते, आणि रात्री दहालाही सूर्य दिसतो. दोन्हींचं मूळ एकच. तुम्ही वर्णनात शब्द शोधून चिन्ह लावताय. 'पाऊस' शोधलंत तर 'पावसाच्या सरी' हाती लागत नाहीत. म्हणून नुसतं 'पाव' शोधलंत, तर पुढचं 'नाही' कोण वाचणार? 'गार' या अक्षरांवर गारपीट ठेवली असेल, तर डिसेंबरात 'गार वारे' आले की स्क्रीनवर गारा पडतील. आणि 'निरभ्र आकाश' दिवसाचं की रात्रीचं, हे त्या शब्दांत नसतंच.

ओपन-मेटिओ या हवामानाचा डेटा देणाऱ्या सेवेच्या फीडमध्ये, म्हणजे तिथून येणाऱ्या माहितीत, आकडा येतो, तो धरा. हे जागतिक हवामान संघटनेचे कोड: ० निरभ्र, १ बहुतांशी निरभ्र, २ अंशतः ढगाळ, ३ पूर्ण ढगाळ, ४५ व ४८ धुकं, ५१ ते ५५ रिमझिम, ६१ ते ६५ पाऊस, ८० ते ८२ सरी, ९५ गडगडाट. बर्फाचे ७१ ते ७७, ८५ आणि ८६ सोलापुरात लागणार नाहीत, तरी कोणत्या कोडला कोणतं चिन्ह याच्या टेबलात ठेवाच. १७.६६ आणि ७५.९१ हे सोलापूरचे अक्षांश-रेखांश उलटे पडले की ठिकाण थेट उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेच्या समुद्रात जातं. मे महिन्यात बर्फ दिसला तर आधी हे तपासा.

० हा कोड फार दगा देतो. जावास्क्रिप्टमध्ये 'कोड असेल तर' अशी साधी अट घातली की शून्य म्हणजे 'नाही' ठरतं आणि निरभ्र दिवशी चिन्हच गायब होतं. उलट, फीडमधून रिकामी किंमत आली आणि तिचा आकडा करून घेतलात, तर तिचं ० होतं. डेटा नसताना स्क्रीन लख्ख ऊन दाखवतो. म्हणून आधी किंमत आली आहे का ते पाहा, मग टेबल. अनोळखी कोडला प्रश्नचिन्ह लावा, सूर्य नको.

दिवस-रात्रीसाठी 'इज डे' हे फील्ड मागवा. १ म्हणजे दिवस, ० म्हणजे रात्र. चंद्राची चिन्हं ०, १, २ आणि सरींपुरती पुरतात.

ओपनवेदरमॅप या दुसऱ्या सेवेचे आकडे वेगळे: २०० पासून गडगडाट, ३०० रिमझिम, ५०० पाऊस, ८०० निरभ्र. त्यांचं तयार चिन्ह वापरलंत तर ७०० च्या घरातलं सगळं, म्हणजे धुकं, धुरकट हवा, धूळ, एकाच चित्रात येतं. आपल्याकडे जानेवारीतलं धुकं आणि मेमधली धूळ वेगळी दिसायला हवी, तेव्हा ७४१ आणि ७६१ स्वतःच वेगळे करा. दोन फीड वापरत असाल तर टेबलंही दोन ठेवा.

आता दिवसाचं चिन्ह. ओपन-मेटिओचा दैनिक कोड त्या दिवसातली सर्वांत तीव्र स्थिती देतो. सप्टेंबरात पहाटे तीनला तासभर गडगडलं की अख्ख्या दिवसाला वीज. दुकानासाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ चे ताशी कोड घ्या आणि जास्तीत जास्त तासांचा कोड दाखवा. पावसाची टक्केवारी शेजारी वेगळी द्या, म्हणजे वळवाची एखादी सर लपणार नाही. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' द्यायला विसरू नका, नाहीतर दिवस पहाटे साडेपाचला बदलतो.

'मुसळधार' हा शब्दही कोड ६५ ला लावू नका. तो कोड त्या वेळच्या जोरावर ठरतो. भारतीय हवामान विभागाचा जोरदार, म्हणजे मुसळधार, पाऊस २४ तासांत ६४.५ मिमीपासून सुरू होतो, आणि तो दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ.

तुमच्याकडे द्राक्ष-डाळिंबवाले येतात, म्हणून हे महत्त्वाचं: गारांचे ९६ आणि ९९ हे कोड ओपन-मेटिओ फक्त मध्य युरोपासाठी देतं. सोलापूरच्या स्क्रीनवर गारांचं चिन्ह दिसलं नाही, याचा अर्थ गारपीट होणार नाही असा नाही. चिन्हाच्या खाली हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा, त्याच्या पिवळ्या, नारिंगी किंवा लाल रंगासकट, वेगळ्या पट्टीत ठेवा.