मलमाने बसणारे आणि पुन्हा उठणारे चट्टे

प्रश्न : मी वेंगुर्ले तालुक्यात राहते. पावसाळा सुरू झाल्यापासून माझ्या कमरेवर व मांड्यांवर कोरडे, लालसर, खाजणारे चट्टे उठले आहेत. औषधाच्या दुकानातून आणलेले मलम लावले की ते बसतात आणि थांबवले की पूर्वीपेक्षा मोठे होऊन उठतात. हे इसब आहे की गजकर्ण?

उत्तर : आपल्या वर्णनावरून गजकर्णाची, म्हणजे बुरशीच्या संसर्गाची, शक्यता अधिक वाटते. डॉक्टरांना विचारल्याविना मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइडही असते. त्याने खाज व लाली दबते, परंतु त्वचेची प्रतिकारशक्तीही दबल्यामुळे बुरशी पसरत राहते आणि चट्ट्याचे मूळ रूप पुसले जाऊन निदान अवघड होते. ते मलम कृपया थांबवावे, सुरुवातीला खाज वाढली तरी पुन्हा लावू नये, आणि त्याचे खोके घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

गजकर्णाची कड उंचावलेली व खवलेदार असते आणि मधला भाग निवळलेला दिसतो. इसबाला अशी ठळक कड नसते. ते बहुधा कोपराच्या व गुडघ्याच्या लवणीत होते. सोरायसिस या त्वचारोगाचे जाड, चंदेरी खवले कोपर, गुडघे व डोक्यावर आढळतात. शंका राहिल्यास खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात टाकून बुरशी दिसते का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तपासणी सोपी आहे. (काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या हातांवरील चट्टे मात्र बहुधा टरफलातील तेलाने होतात, त्यांनी हातमोजे वापरावेत.)

बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे अंतरापर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावे. बहुतेक रुग्ण इथेच घाई करतात. कोकणातल्या पावसात कपडे पूर्ण वाळत नाहीत, म्हणून आतले कपडे इस्त्री करून घालावेत, परकराची नाडी घट्ट बांधू नये, टॉवेल वेगळा ठेवावा आणि घरात कोणाला असेच चट्टे असल्यास त्यांनीही एकाच वेळी उपचार घ्यावेत. खोबरेल तेलाने कोरडेपणा कमी होतो, बुरशी जात नाही.

एखादा फिकट चट्टा खाजत नसेल आणि त्यावरचा स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावरील उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, तेव्हा तिथे लगेच दाखवावे.