लातूरला भाड्याच्या खोलीत सरावासाठी कोणता लहान गिटार अँप घ्यावा?

भिंतीपलीकडे अभ्यास करणारी मुलं, लाइटचा भरवसा नाही, आणि क्लीन म्हणजे स्वच्छ आवाजापासून मेटलच्या फाटक्या आवाजापर्यंत सगळं एकाच अँपवर हवं, अशी तुमची गरज दिसते. मग आधी वॅट बघणं सोडा. १० आणि २० वॅटमध्ये फरक फक्त ३ डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तुमच्या खोलीला ३ वॅटसुद्धा पुष्कळ झाले.

बघायचं ते हे की आवाज अगदी बारीक केल्यावर टोन टिकतो का. पुष्कळ स्वस्त अँपचा व्हॉल्यूम शून्यावरून जरा सरकवला की एकदम अंगावर येतो, मधलं काही मिळतच नाही. असा अँप रात्री निरुपयोगी.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती रोलँड मायक्रो क्यूब जीएक्स. ३ वॅट, ५ इंची स्पीकर, सहा पेन्सिल सेलवर चालतो. वेगवेगळ्या अँपसारखे आवाज देणारे आठ प्रकार आहेत, त्यात एक माइकसाठी. त्यामुळे गावी भजनात साधा डायनॅमिक माइकही लावता येईल, फक्त गिटार आणि माइक एकाच वेळी नाही. बॉस कटाना मिनी ७ वॅटचा, स्पीकर ४ इंची, सेल सहाच. प्रकार तीनच, पण बास-मिड-ट्रेबलची वेगळी बटणं असल्याने आवाज पटकन जुळतो. फेंडर फ्रंटमन १० जी साधा आणि चांगला, पण सेलवर चालत नाही, म्हणून तुमच्यासाठी नको.

सेल अल्कलाइन किंवा रिचार्जेबल घ्या. क्लीन आवाज उगाच फाटायला लागला तर आधी सेल बदलून बघा. सुट्टीत गावी जाताना ते काढून ठेवा. गळले तर आतल्या पट्ट्या गंजतात.

हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथवर तार छेडल्यानंतर आवाज उशिरा कानात येतो आणि ताल बिघडतो. बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचं संगीत, मोबाइलवरून ऑक्स नावाच्या इनपुटमध्ये द्या, गिटार आणि ट्रॅक दोन्ही एकत्र ऐकू येतात.

भुणभुण हा भाड्याच्या खोल्यांचा कायमचा त्रास. अँप चालू ठेवून गिटारची केबल अँपमधून काढा. आवाज थांबला तर दोष गिटार, केबल किंवा आजूबाजूच्या उपकरणांचा. तसाच राहिला तर विजेच्या बाजूचा. पहिल्या प्रकारात गिटार हातात धरून जागेवर वळा: सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारा, एकाच गुंडाळीचा भाग) असेल तर एका दिशेला भुणभुण कमी होते. पंख्याचा रेग्युलेटर, जुन्या चोकची ट्यूब आणि उन्हाळ्यात कूलरची मोटर हे नेहमीचे गुन्हेगार. अँप कूलरच्या बोर्डवर लावू नका, दुसऱ्या बोर्डवर लावा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर घरघर वाढली तर तो स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे खडबडीत वीज देणारा असणार. सेलवर टाका, घरघर जाते.

तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी झाली तर काळजी नाही, पण झिणझिण्या आल्या तर लगेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वायरिंगमध्ये बोर्डच्या तिसऱ्या भोकाला कधीकधी वायरच नसते. तीन पिनांच्या अँपची तिसरी पिन मात्र कधीही कापू नका.

दुकानात स्वतःची गिटार आणि केबल घेऊन जा. गेन (आवाज फाटका करणारं बटण) पूर्ण खाली, व्हॉल्यूम आपण दोघं सहज बोलू इतका, आणि जाड ई तार जोरात वाजवा. पेटी खडखडली तर तो पीस नको. मग गेन वाढवून तारांवर तळहात ठेवा: फक्त सूं ऐकू येईल, तो किती आहे ते बघा. शेवटी गिटारवरचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणा. आवाज तेवढ्याने स्वच्छ व्हायला लागला, तर एका सेटिंगवर रिदम आणि सोलो दोन्ही वाजतील. अ‍ॅडॅप्टर त्याच मॉडेलचा मागून घ्या. व्होल्टेज जुळलं तरी प्लस-मायनस उलटा असेल तर अँप जळू शकतो.