चीनकडून घेतलेल्या कर्जाची बोलणी बँक आणि अर्थखातं करतं, मग त्यात राजदूतांचं काय काम?

आधीच सांगतो, परराष्ट्र खात्याशी माझा काही संबंध नाही. नोकरीची शेवटची बरीच वर्षं बँकेच्या थकीत कर्ज विभागात काढली. एखादा कारखाना बुडीत निघाला की पाच बँकांची बैठक बसते आणि सगळ्या एकमेकींकडे बघतात: आधी तुम्ही सूट द्या, मग आम्ही देतो. कर्ज फेडता न आलेल्या श्रीलंकेच्या बातम्या वाचताना मला तीच बैठक आठवत होती, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

व्याजाचा दर ठरवायला राजदूत लागत नाही, हे तुमचं बरोबरच आहे. पण समोर बसलेल्या माणसाच्या हातात काय आहे ते बघा. श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदरासाठी कर्ज दिलं चीनच्या एक्झिम बँकेने. ती सरकारी बँक आहे. मुद्दल सोडणं लांबच, नुसती मुदत वाढवायची तरी तिथला अधिकारी वरून इशारा आल्याशिवाय मान हलवत नाही. तो इशारा यावा म्हणून वरच्यांकडे खेटे घालायचे, हे राजदूताचं काम.

आणि ते दर वेळी जमतंच असं नाही. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेचे बीजिंगमधले राजदूत पालिथा कोहोना अडीच अब्ज डॉलर मिळणार म्हणून खात्रीने सांगत होते. त्यातले एक अब्ज जुनीच चिनी कर्जं फेडायला. आमच्याकडे याला जुनं-नवं करणं म्हणतात. खातं कागदावर थकत नाही, तेवढंच. पण त्याच सुमारास, १२ एप्रिलला, कोलंबोने परकीय कर्जाचे हप्ते थांबवल्याचं जाहीर केलं. चीनच्या कोलंबोतल्या राजदूतांनी उघड नाराजी दाखवली. ऋणको, म्हणजे कर्ज घेणारी श्रीलंका, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या (अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या संस्थेच्या) दारात गेली, म्हणजे आता सूट द्यावी लागणार, हे त्यांना कळलं होतं.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. नाणेनिधीचं म्हणणं होतं, मोठ्या सावकारांनी आधी लेखी हमी द्यावी, मगच आम्ही पैसे देऊ. जानेवारी २०२३ मध्ये सगळ्यांत आधी भारताने पत्र दिलं आणि लगेच परराष्ट्रमंत्री जयशंकर कोलंबोला जाऊन तसं बोललेही. त्याच आठवड्यात चीनच्या बँकेचं पत्र आलं: २०२२ आणि २०२३ चे हप्ते पुढे ढकलतो. आमच्या विभागात असं पत्र आलं असतं तर साहेबांनी चष्मा काढून ठेवला असता. दोन वर्षांनंतर काय, ते त्यात नव्हतंच. नाणेनिधीला ते पुरलं नाही. पुरेसं ठोस पत्र यायला मार्च उजाडला आणि २० मार्चला सुमारे तीन अब्ज डॉलरची मदत मंजूर झाली. मधल्या दीड-पावणेदोन महिन्यांत आकडेमोड फार नव्हती, पण एका पत्रातल्या शब्दांसाठी पाठपुरावा करावा लागला. भारताने आधी पाऊल टाकल्यामुळे, अडवतंय कोण ते जगाला दिसू लागलं, हाही त्यातलाच डाव.

नंतर भारत, जपान आणि फ्रान्सच्या पुढाकाराने धनको, म्हणजे कर्ज देणाऱ्या, देशांची समिती झाली. चीन सदस्य झाला नाही, त्याने आपली बोलणी वेगळी चालवली. हे श्रीलंकेपुरतंच नाही. चीनच्या शंभर कर्जकरारांचा एक अभ्यास २०२१ मध्ये आला होता. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश करारांत, हे कर्ज इतर देशांच्या सामूहिक तडजोडीत आणायचं नाही, अशा अर्थाचं कलम सापडलं. गुप्ततेची कलमंही होतीच. त्यामुळे शेजारच्या धनकोला किती सूट मिळतेय ते कळत नाही आणि संशय वाढतो. हा संशय ऋणको देशाला दोन्हीकडे गोड बोलून सांभाळावा लागतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्झिम बँकेशी ४.२ अब्ज डॉलरच्या कर्जावर तत्त्वतः समझोता झाला, तोही श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रणिल विक्रमसिंघे चीनच्या बेल्ट अँड रोड (परदेशांत रस्ते-बंदरं बांधायच्या योजनेच्या) परिषदेसाठी बीजिंगला निघायच्या तोंडावर. ही वेळ काही हिशेबनिसाने काढलेली नसणार! शेवटच्या सह्या २६ जून २०२४ ला, एकाच दिवशी दोन ठिकाणी झाल्या: समितीशी पॅरिसमध्ये, चीनशी बीजिंगमध्ये.

जाता जाता, हंबनटोटा बंदर कर्जापोटी जप्त झालं असं अनेकजण लिहितात. ते २०१७ मध्ये एका चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेलं, १.१२ अब्ज डॉलरला. तो पैसा श्रीलंकेने परकीय गंगाजळीत घातला. बंदराचं कर्ज फिटलं नाही, ते खात्यावर तसंच राहिलं.