कण वर निघालाय की खाली?

अनेक उत्तम आशीर्वाद.

दोरीवरून उजवीकडे जाणाऱ्या तरंगाचं गणित सोडवलेली तुझी वही पाहिली. समीकरणं बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि तरी 'प' बिंदूच्या वेगाचा बाण उलटा. शेजारी कारणही लिहिलंयस: "इथे वक्र चढतोय, म्हणून कण वर जातोय." ही चूक मी स्वतः परीक्षेत केली होती, आणि घरी येऊन उत्तर ताडून पाहताना पुन्हा तीच केली. त्यामुळे रागवायचा मला काही अधिकार नाही.

होतं असं, की वक्र दिसला की आपण तो डावीकडून उजवीकडे वाचायला लागतो आणि आडव्या अक्षावर काळ आहे असं नकळत धरून चालतो. पण हा एका क्षणाचा फोटो आहे. आडव्या अक्षावर अंतर आहे. वक्राच्या वाटेने कोणीच चालत नाहीये. दोरीचा प्रत्येक कण आपापल्या उभ्या रेषेला बांधलेला. वर किंवा खाली, एवढीच त्याला मुभा.

आता पेन्सिल घे. तरंग उजवीकडे चाललाय ना? मग तोच आकार किंचित उजवीकडे सरकवून फिका काढ आणि 'प'मधून एक उभी रेघ मार. फिका वक्र त्या रेघेला जिथे छेदेल, तिथे हा कण पुढच्या क्षणी असेल. तुझ्या चढावर तो छेद खाली आला की नाही? शिखराच्या डावीकडच्या कणांवरून शिखर नुकतंच गेलंय, म्हणून ते उतरतायत. उजवीकडच्यांकडे ते अजून यायचंय, म्हणून ते चढतायत. कणाचा वेग म्हणजे तरंगाचा वेग गुणिले वक्राचा चढ, आणि पुढे ऋण चिन्ह, हे सूत्र एवढंच सांगतं.

कलेचा घोळही इथूनच सुरू होतो. दोन कण मध्यरेषेच्या अर्धा सेंटिमीटर वर आहेत, एक चढतोय, दुसरा उतरतोय. विस्थापन, म्हणजे मध्यरेषेपासूनचं अंतर, सारखं, कला वेगळी. कला म्हणजे कण आपल्या फेरीत कुठवर पोचलाय ते. प्रत्येक कणाकडे एक घड्याळ आहे असं समज. सगळ्यांचे काटे एकाच गतीने फिरतात, फक्त पुढच्या कणाचं घड्याळ उशिरा सुरू झालंय. तरंगलांबी, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, 2 मीटर असेल, तर अर्धा मीटर पुढचा कण पाव फेरी, म्हणजे 90 अंश, मागे. पुस्तकातल्या तरंगाच्या सूत्रात कला 'के-एक्स वजा ओमेगा-टी' अशी लिहितात ('के-एक्स' हा अंतराचा भाग, 'ओमेगा-टी' हा काळाचा); त्यामुळे पुढचाच कण आघाडीवर आहे असं वाटतं. मी नेहमी 'ओमेगा-टी वजा के-एक्स' लिहितो. मग ते 'वजा' म्हणजे उशीर, हे डोळ्यांना दिसतं.

दोन वेगांची गल्लत मात्र करू नकोस. याच दोरीची वारंवारता 5 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 5 फेऱ्या, आणि आयाम, म्हणजे मध्यरेषेपासून शिखराची उंची, 1 सेंटिमीटर धर. तरंग सेकंदाला 10 मीटर जातो; कण मध्यरेषा ओलांडताना, म्हणजे सर्वात जोरात असतानाही, सेकंदाला साधारण 31 सेंटिमीटर. हात जास्त उंच हलवलास तर दुसरा आकडा वाढेल, पहिला नाही. पहिला वाढवायचा तर दोरी ताणावी लागेल. आवाजात ही तफावत थक्क करणारी आहे. 20 अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला 343 मीटर धावतो, पण 60 डेसिबलच्या, म्हणजे साध्या बोलण्याइतक्या आवाजात हवेच्या थराचा डोलण्याचा वेग सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही नसतो. (थराचा म्हणतोय. सुटे रेणू एरवीही सैरावैरा धावत असतात, तो विषय निराळा.) आणि संपीडनाच्या, म्हणजे हवा दाटलेल्या जागेच्या, मध्यावर त्या थराचं विस्थापन शून्य असतं, वेग मात्र कमाल, तोही तरंगाच्याच दिशेने. दोरीवरचं शिखर म्हणजेच संपीडन असं तू पान 3 वर धरलंयस, ते खोडून टाक.

आता एक गणित माझ्याकडून. शिखरावरचा कण क्षणभर थांबलेला असतो, म्हणजे त्याची गतिज ऊर्जा शून्य. लोलकाच्या सवयीने तू म्हणशील, मग स्थितिज ऊर्जा कमाल. पण शिखरावर दोरी आडवी असते, ती तिथे ताणली गेलेलीच नसते. म्हणजे तीही शून्य. मग ऊर्जा आहे कुठे? फिका वक्र काढूनच उत्तर पाठव.